ज्याचा हेतु कळत नाहीं, त्याचा उपकार

वाचकहो, आमच्या खेड्यांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो, व तो बहुधा दिवेलागणीनंतर, ओट्यावर बसून, हलक्या आवाजांत विचारला जातो. कोणी एखाद्या विधवेचें शेत नांगरून देतो. कोणी पुराच्या दिवशीं परक्याचे बैल गळ्याइतक्या पाण्यांतून बाहेर काढितो. कोणी आजाऱ्यास आपल्या गाडींत घालून तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचवितो. दुसऱ्याच दिवशीं गांव विचारितें, "यांत त्याचें काय असेल?" उपकार घडला हें सर्वांस दिसतें, पण तो कां घडला हें कळेपर्यंत त्यास उपकार म्हणावयास कोणी तयार नसतो. उपकार करणाऱ्याचें अंतःकरण आधीं तपासावें, आणि तें निर्मळ ठरलें तरच त्याचे आभार मानावे, अशी ही रीत आहे. ही रीत न्यायाची आहे काय?

माणसाच्या बाबतींत हा प्रश्न सोडविणें कठीण जातें. माणूस आपल्या हेतूविषयीं बोलतो. तो कधीं खरें बोलतो, कधीं खोटें बोलतो, आणि कधीं त्याचा हेतु त्यालाच ठाऊक नसतो. म्हणून ज्यास विचारतां येत नाहीं, व विचारिलें तरी जो उत्तर देणार नाहीं, अशा एका उपकारकर्त्याची गोष्ट आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों. तो समुद्रांतील एक देवमासा होय.

दक्षिण पॅसिफिक महासागरांत, न्यूझीलंडच्या ईशान्येस सुमारें ३,००० किलोमीटरांवर, कुक बेटें म्हणून एक द्वीपसमूह आहे; त्यांतील मुख्य बेटाचें नांव रारोटोंगा. दरवर्षीं जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत अंटार्क्टिकच्या बर्फाळ समुद्रांतून देवमासे ह्या उबदार पाण्याकडे येतात. त्यांची जात 'हंपबॅक' ह्या नांवानें ओळखिली जाते. पाठीवरील लहानशा कुबडावरून तें नांव पडलें. आपण त्यास मासा म्हणतों खरें, परंतु हा प्राणी मासा नव्हे. तो फुप्फुसांनीं श्वास घेतो, व त्याची मादी पिलांस दूध पाजिते. पूर्ण वाढलेल्या हंपबॅकची लांबी १३ ते १६ मीटर असते, आणि दोन्ही बाजूंचे पंख ५ मीटरांपर्यंत लांब असतात. त्याच्या तोंडांत दांत नसतात. त्यांच्या जागीं कंगव्यासारख्या पट्ट्या असतात, व त्यांतून पाणी गाळून तो लहान मासे व कोळंबीसारखे बारीक जीव खातो. योनाची कथा आठवून कोणी विचारील, म्हणून सांगतों कीं ह्या जातीचा घसा अरुंद असतो. माणूस त्यांतून जाऊं शकत नाहीं. तथापि ज्यास तो भक्ष्य समजत नाहीं त्यासही शेंपटीच्या एका फटकाऱ्यानें ठार करण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं आहे.

नॅन हाउसर ह्या विदुषी बाई पुष्कळ वर्षें रारोटोंगा येथें राहून देवमाशांचा अभ्यास करीत आल्या होत्या. २०१७ सालच्या सप्टेंबर महिन्यांत त्या डोळ्यांवर कांचेचा मुखवटा, तोंडांत श्वास घेण्याची नळी व पायांत रबरी वल्हीं घालून समुद्रांत उतरल्या. हातांत चित्रें घेण्याचा कॅमेरा होता. इतक्यांत सुमारें २२ टन वजनाचा एक हंपबॅक, म्हणजे आपले ५० खिलारी बैल एकत्र केले तर जेवढा भार होईल तेवढा प्राणी, सरळ त्यांच्याकडे येऊं लागला. तो जवळ येऊन बाजूस वळेल अशी बाईंची अपेक्षा होती. तो वळला नाहीं. त्यानें डोक्यानें त्यांस ढकलिलें. त्यांस आपल्या पंखाखालीं घेतलें. एकदां तर पंखावर धरून पाण्याबाहेर उचलिलें. हें सुमारें १० मिनिटें चाललें. देवमाशाच्या कातड्यावर कठीण कवचाचे बारीक जीव चिकटलेले असतात. त्यांच्या धारांनीं बाईंचें अंग खरचटलें. ह्या पंखाखालीं आपण दाबल्या गेलों तर हाडें मोडतील व आपण बुडून मरूं, अशी भीति त्यांच्या मनांत शिरली.

थोड्या अंतरावर दुसरा एक देवमासा पाण्यावर शेंपूट आपटीत होता. त्याच्या पलीकडे तिसरें एक धूड दिसत होतें. तोही देवमासाच असेल, असें बाईंस प्रथम वाटलें. मग त्यांचें लक्ष त्याच्या शेंपटीकडे गेलें. देवमाशाची शेंपटी खालीं-वर हालते. माशाची डावी-उजवीकडे हालते. ही शेंपटी डावी-उजवीकडे हालत होती. तो टायगर शार्क होता; माणसावर हल्ला करणाऱ्या ज्या थोड्या मत्स्यजाति आहेत त्यांत ह्याची गणना होते. बाई आपल्या बोटीपाशीं पोंचल्या, व सोबत्यांनीं त्यांस वर घेतलें. अंगावर खरचटल्याच्या व मुक्या माराच्या खुणा होत्या. याहून अधिक इजा नव्हती. त्या बोटीवर चढल्यानंतर तो देवमासा बोटीजवळ पुन्हां एकदां वर आला. ह्या प्रसंगाचीं चित्रें २०१८ सालच्या जानेवारींत जगापुढें आलीं, आणि देवमाशानें माणसाचा जीव वांचविला अशी वार्ता सर्वत्र पसरली.

आतां विचार करूं. त्या १० मिनिटांत बाईंच्या दृष्टीपुढें केवळ देवमाशाचें अंग होतें. त्या अंगामागें काय आहे हें त्यांस दिसत नव्हतें. जें ढकलणें त्यांस मरण वाटलें, तेंच ढकलणें शार्क दिसल्यावर रक्षण वाटूं लागलें. ह्यावरून कोणी असा अर्थ काढूं नये कीं जो जो आपणांस दाबितो तो तो आपला तारकच आहे. आमच्या लोकांस दाबणारे फार झाले, आणि "हें तुमच्याच हितासाठीं" असें म्हणून दाबणारेही झाले. परीक्षा एकच: शेवटीं आपण कोठें पोंचलों? बाई बोटीवर पोंचल्या. ज्याच्या दाबानें माणूस बोटीवर पोंचतो त्याची गोष्ट निराळी, आणि ज्याच्या दाबानें तो तळाशीं जातो त्याची निराळी.

परंतु शंका घेणारे विद्वान येथें थांबत नाहींत, व त्यांनीं थांबूंही नये. खुद्द हाउसर बाईंनींच म्हटलें कीं ही गोष्ट दुसऱ्या कोणीं सांगितली असती तर आपला तिजवर विश्वास बसला नसता. शंकेखोर म्हणतात: हंपबॅक समुद्रांतील शेवाळाशीं खेळतो, डॉल्फिनांस डोक्यावर उचलितो, तसाच तो बाईंशींही खेळला नसेल कशावरून? शार्कनें हल्ला केला असताच हें कशावरून? आणि आणखी एक टोंचणारी गोष्ट: ज्यास समुद्रांतील प्राण्यानें कांठाकडे ढकलिलें तो घरीं येऊन सांगतो, ज्यास त्यानें खोल पाण्याकडे ढकलिलें तो सांगावयास परत येत नाहीं. म्हणून एका गोष्टीवरून सर्व देवमाशांस दयाळू ठरविणें हें शहाणपणाचें नव्हे.

ह्यास्तव एका गोष्टीवर न थांबतां अनेक गोष्टी पाहिल्या पाहिजेत, व तें काम कांहीं संशोधकांनीं केलें आहे. २००९ सालच्या जानेवारींत रॉबर्ट पिटमन व जॉन डर्बन हे अंटार्क्टिकच्या समुद्रांत होते. तेथें ऑर्का नांवाच्या दांताळ शिकारी प्राण्यांची एक टोळी एका सीलच्या पाठीस लागली होती. सील हा कुत्र्यासारख्या तोंडाचा, पाण्यांत व बर्फावर राहणारा प्राणी होय. तो सील जीव घेऊन जवळच्या दोन हंपबॅकांकडे पोहत गेला. त्यांपैकीं एक पाण्यांत उताणा झाला, व सील त्याच्या छातीवर आला. ऑर्का जवळ येतांच हंपबॅकनें छाती पाण्याबाहेर उचलिली. सील घसरूं लागला, तेव्हां हंपबॅकनें पंखानें त्यास हळूच मध्यें सारिलें. थोड्या वेळानें सील उतरून बर्फाच्या तुकड्यावर सुखरूप गेला. पुढें २०१६ सालीं पिटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५१ ते २०१२ ह्या काळांतील हंपबॅक व ऑर्का यांच्या ११५ गांठींची छाननी प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळ वेळां हंपबॅक आपण होऊन ऑर्कांच्या शिकारींत घुसले होते. आणि विशेष हें कीं जेथें भक्ष्य ओळखतां आलें तेथें तें बहुतेक वेळां हंपबॅकचें पिलूं नव्हतें, दुसऱ्याच जातीचा जीव होता.

मग हे आपल्याच जातीचा नसलेल्याच्या मदतीस कां धांवतात? संशोधकांचा एक तर्क असा. ऑर्का हंपबॅकच्याही पिलांस धरितात. म्हणून शिकारी ऑर्कांचा आवाज कानीं पडला कीं हंपबॅक तिकडे धांवतो. कोणाचें पिलूं संकटांत आहे हें त्यास तेथें पोंचेपर्यंत ठाऊक नसतें. म्हणजे मूळ प्रेरणा आपल्या पिलाच्या रक्षणाची. ती उतूं जाऊन परक्यापर्यंत पोंचली.

हें ऐकून कोणी हंसून म्हणेल, "पाहा, दया वगैरे कांहीं नाहीं, ही केवळ सवय आहे." पण वाचकहो, आपलीच घरें पाहा. रात्रीं लेंकरूं रडलें कीं आई उठते. अंधारांत ती दोन पावलें टाकिते, आणि मग तिच्या ध्यानांत येतें कीं आपलें लेंकरूं निजलें आहे, रडतें तें भिंतीपलीकडचें, तापानें पडलेल्या शेजारणीचें. ती कोणत्या प्रेरणेनें उठली? आपल्या लेंकराच्या. पण आतां ती काय करिते, हा खरा प्रश्न आहे. जी परत जाऊन निजते तिचें उठणें सवयीचें होतें. जी कडी काढून शेजारच्या घरांत जाते तिचें उठणें सवयीचें असलें तरी जाणें सवयीचें नाहीं. माणसांतील बहुतेक सारा चांगुलपणा असाच घरच्या चुलीपाशीं सुरू होऊन दाराबाहेर गेलेला असतो. त्याचा उगम आपल्या माणसांच्या मायेंत आहे म्हणून तो खोटा म्हणावा, तर नदीचा उगम डोंगरांतील एका लहानशा झऱ्यांत आहे म्हणून नदीस नदी म्हणूं नये असें होईल.

आणि हंपबॅकही परत निजत नाहीं. २०१२ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेच्या माँटेरे उपसागरांत ऑर्कांनीं करड्या जातीच्या देवमाशाचें एक पिलूं मारिलें. हंपबॅक तेथें गोळा झाले. पिलूं त्यांच्या जातीचें नव्हतें. तें मेलेंही होतें. तरी ते कित्येक तास तेथून हालले नाहींत. ऑर्का खावयास जवळ आले कीं ते मोठ्यानें फुत्कार करीत व शेंपट्या आपटीत. आसपास त्यांचें स्वतःचें भक्ष्य विपुल होतें, तिकडेही ते गेले नाहींत. त्यांच्या मनांत काय होतें हें कोणी सांगूं शकत नाहीं. पण परक्याच्या पिलापाशीं ते उभे राहिले, हें ज्यांनीं पाहिलें त्यांनीं पाहिलें.

रानालगतच्या गांवांतील म्हाताऱ्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. वाघाचा वास येतांच म्हशींचा कळप शिंगें बाहेर करून रिंगण धरितो, आणि गुराखी मध्यें सांपडला तर तोही त्या रिंगणांत वांचतो, असें ते सांगत आले आहेत. त्या गुराख्यानें घरीं आल्यावर काय करावें? म्हशींनीं हें माझ्यासाठीं केलें कीं आपल्या रेडकांसाठीं, ह्याचा निवाडा होईपर्यंत त्यानें त्यांस वैरण घालूं नये काय?

येथें आमच्या प्रश्नाचें उत्तर दिसूं लागतें. सावकाराच्या वहींत दोन बाजू असतात, हें आमच्या लोकांइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक आहे? उपकाराच्या वहींतही दोन बाजू आहेत. एका बाजूस उपकार करणाऱ्याचा हेतु, त्याचें पुण्य, त्याचा स्वार्थ हें सर्व लिहिलेलें असतें. ती बाजू आपण लिहीत नाहीं, व ती वाचण्याची आपणांस दृष्टि नाहीं; तिचा हिशेब अंतःकरण जाणणाऱ्याकडे आहे. दुसऱ्या बाजूस आपणांस काय मिळालें हें लिहिलेलें असतें. ती बाजू आपली आहे. "त्यानें कां दिलें?" हा पहिल्या बाजूचा प्रश्न, "मला काय मिळालें?" हा दुसऱ्या बाजूचा. आपण गांवकरी करितों तें असें कीं पहिल्या बाजूची छाननी कधीं संपूं देत नाहीं, म्हणजे दुसऱ्या बाजूचें देणें कधीं द्यावें लागत नाहीं. हेतूविषयींची शंका ही पुष्कळ वेळां न्यायबुद्धि नसते. ती देणें चुकविण्याची युक्ति असते.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच आहे: कृतज्ञता ही घेणाऱ्याच्या बाजूची गोष्ट आहे, व ती देणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नाहीं. देवमाशास साधु ठरवूं नये. त्याच्या मनांत आपले विचार घालण्याचा आपणांस अधिकार नाहीं. त्यास निव्वळ यंत्र ठरवूं नये. तोही अधिकार नाहीं. पण बाई बोटीवर आल्या, एवढें पक्कें आहे, आणि तेवढ्यावरून देणें उभें राहतें.

देणें म्हटलें म्हणजे तें कोणत्या तरी रूपानें फेडावें लागतें, आणि येथें माणसाची बाजू पाहिली तर मान खालीं जाते. १९५९-६० व १९६०-६१ ह्या दोन हंगामांत सोव्हिएत जहाजांनीं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व त्यांजकडील बेटांच्या दक्षिणेस सुमारें २५,००० हंपबॅक मारिले, आणि खरे आंकडे दडवून ठेविले. ते १९९० नंतर उघड झाले. कुक बेटांकडे येणारे देवमासे ह्याच दक्षिणेच्या समुद्रांतील होत. आपल्या अरबी समुद्रांतही ही जात आहे. १९६६ सालीं त्याच देशाच्या जहाजांनीं येथें सुमारें २४० हंपबॅक मारिले. ज्या वर्षीं हाउसर बाईंवर तो प्रसंग आला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ओमानच्या किनाऱ्याजवळ संशोधकांनीं एका मादीस खुणेचें यंत्र लाविलें व तिचें नांव 'लुबान', म्हणजे ऊद, असें ठेविलें. ती समुद्र ओलांडून डिसेंबरांत गोव्याजवळ आली, व पुढें दक्षिणेकडे गेली. तेव्हां हा प्राणी केवळ दूरच्या बेटांचा नाहीं. तो कोंकणपट्टीच्या शेजारचा आहे.

फेड करण्याचे यत्नही झाले आहेत. २००१ सालीं कुक बेटांनीं आपला सर्व समुद्र देवमाशांसाठीं अभयस्थान म्हणून जाहीर केला; त्या कामांत हाउसर बाईंनीं श्रम केले होते. त्याच वर्षीं आपल्या देशांत व्हेल शार्क ह्या प्रचंड पण निरुपद्रवी माशास कायद्याचें संरक्षण मिळालें. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें एक योजना काढिली: संरक्षित जातीचा जीव जाळ्यांत सांपडला व कोळ्यानें जाळें कापून त्यास सोडिलें, तर जाळ्याच्या नुकसानीबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी, मात्र सोडल्याचें चित्र दाखवावें.

आतां त्या होडीवर उभे राहून पाहूं. जाळ्यांत व्हेल शार्क किंवा समुद्रकांसव तडफडत आहे. तांडेल सुरी काढितो. जाळें हें त्याचें पोट आहे. तें सांधावयास दिवस जातात. एक खलाशी चित्र घेतो. जाळें कापलें जातें, आणि तो जीव खोल पाण्यांत निघून जातो. किनाऱ्यावर कोणी तरी म्हणतोच, "भरपाईसाठीं कापलें!" असेल. कदाचित् भरपाई नसती तर तांडेल घुटमळला असता. कदाचित् त्यानें आपल्या वडिलांचें सांगणें आठवून कापलें असेल. कदाचित् दोन्ही. पण जो जीव निघून गेला त्याच्या बाजूच्या वहींत एकच ओळ लिहिली गेली: जाळें कापलें, मी सुटलों. तो देवमासा आणि हा तांडेल ह्या दोघांचीही अंतःकरणें आपणांस बंद आहेत. आणि दोघांच्याही हातून, म्हणजे एकाच्या पंखांतून व दुसऱ्याच्या सुरींतून, जें घडलें तें उघड्यावर आहे.

म्हणून, वाचकहो, ह्या आठवड्यांत कोणीं आपलें ओझें उचलिलें, कोणीं उसनें दिलें, कोणीं आपल्या आजारी माणसाच्या उशाशीं रात्र काढिली, तर त्याचें काय असेल हें विचारण्यापूर्वीं आपणांस काय मिळालें हें मोठ्यानें सांगावें, आणि तें सांगावें त्याच ओट्यावर, जेथें दुसरा प्रश्न विचारला जातो. उपदेशक बंधूंनीं संध्याकाळच्या बैठकींत ही गोष्ट काढावी. लहान मुलांस देवमाशाच्या शेंपटीचा व माशाच्या शेंपटीचा भेद सांगावा, त्यांस तो आवडेल. आणि ज्याच्या हेतूविषयीं गांवाचें कधींच एकमत होणार नाहीं, अशा एखाद्या माणसाचे आभार ह्याच आठवड्यांत मानून पाहावे. त्याचा हेतु मलिन असला तर तें ओझें त्याचें. आभार न मानल्याचें ओझें मात्र आपलें राहील.